लोकरीच्या वाटेने बांधलेली गिरणी

मागील अंकात इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील सॉल्टेअर येथील जुन्या लोकर गिरणीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बऱ्याच शंका एकमेकींत मिसळलेल्या असल्याने त्या थोड्या संपादित करून येथे पाच प्रश्नांत मांडल्या आहेत. प्रश्नांचे वजन सारखे नसल्यामुळे उत्तरांची लांबीही सारखी नाही.

प्रश्न : छायाचित्र पाहून ही इमारत एखाद्या इटालियन सरदाराचा वाडा असावी, असे मला वाटले. खाली मात्र 'लोकर गिरणी' असे लिहिलेले होते. गिरणीला हा राजवाड्याचा थाट कशासाठी? आणि तो थाट बाजूला काढला, तर इमारत म्हणून तिच्यात काही वेगळेपण उरते का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, म्हणून थाटाचा विषय आधी उरकून घेऊ. गिरणीचा आराखडा ब्रॅडफर्ड येथील लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांचा. त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, उत्तर इंग्लंडमधील श्रीमंत कापड व्यापाऱ्यांना फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या जुन्या व्यापारी घराण्यांचे मोठे आकर्षण होते, आणि गोदाम असो वा सभागृह, त्याला इटालियन प्रासादाचे रूप देण्याचा प्रघात पडला होता. गोल कमानींच्या खिडक्या, छपराखालची जड कंगणी आणि मधल्या भागावरचे मनोरे हे सारे त्या प्रघातातून आले. त्यातही हा शृंगार मुख्यतः दक्षिणेच्या भिंतीवर आहे, आणि त्या भिंतीसमोरून रेल्वे जाते. गाडीतून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला गिरणीचा मालक टायटस सॉल्ट याची पत दिसावी अशी ती जागा आहे. तिला दगडातली जाहिरात म्हटले तरी चालेल.

आता थाट बाजूला ठेवून आराखड्याकडे पाहा. वरून पाहिल्यास गिरणीचा आकार रोमन लिपीतील 'टी' या अक्षरासारखा दिसतो. अक्षराची आडवी रेघ म्हणजे दक्षिणेकडची सूतकताईची सहा मजली इमारत. ती ५४५ फूट लांब आणि सुमारे ७२ फूट उंच आहे, पण रुंदीला जेमतेम ५० फूट. उभी रेघ म्हणजे उत्तरेकडे, लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या दिशेने गेलेले गोदाम. गोदामाच्या दोन बाजूंना ज्या दोन मोकळ्या जागा उरतात, त्यांत दोन प्रशस्त बैठी दालने आहेत : एक लोकर विंचरण्याचे आणि दुसरे विणाईचे. ही मांडणी सौंदर्यासाठी केलेली नाही. कच्ची लोकर ज्या क्रमाने हातोहात पुढे जाते, त्या क्रमाने भिंती उभ्या केलेल्या आहेत, आणि म्हणून लोकरीची वाट समजली की इमारत आपोआप समजते.

वाट सुरू होते निवडाईपासून. लोकरीची गाठ फोडली की निवडणारा कामगार एकेका मेंढीची सलग कातरलेली लोकर उघडून मेजावर पसरतो आणि बोटांनी चाचपून तिचे भाग वेगळे करतो. खांद्याची लोकर सर्वांत मऊ, कुशीची मध्यम, मांड्यांकडची जाडीभरडी. एकाच जनावराच्या अंगावर अनेक प्रतींचा माल असतो. हे काम डोळ्यांचे आणि बोटांचे असल्यामुळे त्याला स्थिर, सावली न पाडणारा उजेड लागतो, आणि तसा उजेड उत्तरेकडून येतो. त्यानंतर धुलाई. मेंढीच्या लोकरीत चरबी आणि घाम इतका मुरलेला असतो की धुतल्यावर तिचे वजन लक्षणीय घटते. धुलाईला साबण लागतो, आणि जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी साका बनतो. म्हणून येथे छपरांवरचे पावसाचे पाणी उतरवून घेऊन सुमारे पाच लाख गॅलनच्या टाकीत साठवण्याची सोय केली होती. एवढे विस्तीर्ण छप्पर पाणी गोळा करायलाही कामी आणावे, ही दृष्टी मला त्या सगळ्या मनोऱ्यांपेक्षा अधिक देखणी वाटते.

धुतलेली लोकर विंचरणीच्या दालनात येते. येथे तिचे लांब तंतू एका दिशेने सरळ केले जातात आणि आखूड तंतू वेगळे काढले जातात. लांब तंतूंपासून जे घट्ट, गुळगुळीत सूत निघते त्याचे कापड म्हणजे वुर्स्टेड. ब्रॅडफर्डची कीर्ती त्याच कापडावर उभी होती. विंचरलेले पेळू मग कताईच्या लांब इमारतीत जातात, तेथून सूत विणाईच्या दालनात, आणि तयार कापड पुन्हा गोदामात. कापड ज्या गोदामातून बाहेर पडते, तेथपर्यंत रेल्वे आणि कालवा हे दोन्ही मार्ग पोचलेले होते. माल उलट्या दिशेने फिरावा लागत नाही, आणि कोणत्याही दोन खात्यांमध्ये अंगण ओलांडण्याची वेळ येत नाही.

कताई सहा मजल्यांवर आणि विणाई मात्र जमिनीवरच, असे का? कारण माग थरथरतो. सुमारे १,२०० माग एकाच वेळी ठोके देऊ लागले, तर वरच्या मजल्याचा टिकाव लागणे कठीण. त्यामुळे माग जमिनीवर ठेवून उजेड छपरातून घेतला. उलट कताईची यंत्रे वजनदार असली तरी हादरे कमी देतात. त्यांना मजले चालतात, फक्त दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा प्रकाश मध्यापर्यंत पोचला पाहिजे. ५० फुटांची रुंदी प्रकाशाच्या याच गरजेतून आली.

या सर्व यंत्रणेचा अभियंता होता मँचेस्टरचा विल्यम फेअरबेर्न, जो पुलांच्या आणि बॉयलरच्या कामासाठी प्रसिद्ध होता. मुख्य प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना त्याने वाफेची इंजिने बसवली आणि तेथून शक्ती सर्व खात्यांना पोचवणारे फिरते दंड नेले. विणाईच्या दालनात हे दंड त्याने डोक्यावर न ठेवता फरशीखाली घेतले. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांत छताजवळ दंड आणि त्यांवरून खाली येणाऱ्या पट्ट्यांचे रान माजलेले असे; त्यांतून तेलाचे थेंब कापडावर पडत, धूळ उडे, आणि सैल कपडा किंवा केस पट्ट्यात सापडला तर जीवच जाई. दंड फरशीखाली गेल्यावर उजेड मोकळा झाला आणि धोकाही कमी झाला. येथे मालकाचा फायदा कोणता आणि कामगाराचा कोणता, हे वेगळे करून दाखवता येत नाही.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. या गिरणीच्या आत बिडाचे खांब आणि त्यांवर विटांच्या लहान कमानींचे मजले असल्याचे वाचले. ही रचना आगीपासून संरक्षणासाठी होती असे म्हणतात. पण लोकर तर सहजासहजी पेट घेत नाही. मग भीती कशाची होती?

उत्तर : लोकर स्वतः नाखुशीनेच जळते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु गिरणीत नुसती लोकर नसते. विंचरण्यापूर्वी आणि कातण्यापूर्वी तंतूंना तेल देतात. ते तेल कालांतराने लाकडी तख्तपोशीत मुरते. त्यात यंत्रांचे वंगण, हवेत तरंगणारे तंतू आणि संध्याकाळी लावलेले गॅसचे दिवे यांची भर पडते. शिवाय ब्रॅडफर्डच्या अनेक कापडांत ताणा सुताचा, म्हणजे कापसाचा, असे. लाकडी तुळयांवर लाकडी मजले असलेली गिरणी एकदा पेटली की तळापासून छपरापर्यंत धुराड्यासारखी जळत असे.

या भीतीवरचा उपाय प्रथम वस्त्रोद्योगाच्या इतर शाखांत निघाला. विल्यम स्ट्रट याने १७९२–९३ मध्ये डार्बी येथे कापसाच्या गिरणीत बिडाचे खांब आणि विटांच्या कमानी वापरल्या, पण तुळया लाकडीच ठेवल्या. चार्ल्स बेज याने १७९७ मध्ये श्रूजबरीजवळ डिथरिंग्टन येथील तागाच्या गिरणीत खांबांबरोबर तुळयाही बिडाच्या केल्या. ताग म्हणजे येथे जवसाच्या झाडाचा धागा, लिनन. संपूर्ण लोखंडी सांगाड्याची ही जगातील पहिली इमारत मानली जाते. सॉल्टेअर त्याच परंपरेतले, पण अर्धशतकानंतरचे आणि म्हणून अधिक शहाणे बांधकाम आहे.

हे शहाणपण कशात होते, ते आपल्यासारख्या विद्यार्थिनीने अवश्य पाहावे. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्यात कच्चे असते, आणि तुटताना वाकून इशारा न देता एकदम तुटते. तुळईच्या वरच्या भागावर दाब येतो आणि खालच्या भागावर ताण. त्यामुळे वरखाली सारखा आडवा छेद दिला, तर वरचा पुष्कळसा धातू वाया जातो आणि खालचा अपुरा पडतो. ईटन हॉजकिन्सन याने फेअरबेर्नच्याच मँचेस्टरमधील कारखान्यात १८३० च्या सुमारास प्रयोग करून, खालची पट्टी वरचीपेक्षा बरीच रुंद ठेवावी, असे सिद्ध केले. हे ज्ञान नसण्याची किंमत लोक मोजतच होते : १८४४ मध्ये ओल्डहॅम येथे बांधकाम चालू असलेली एक गिरणी बिडाची तुळई मोडून कोसळली आणि २० जण दगावले. त्या अपघाताच्या चौकशीत फेअरबेर्न होता. सॉल्टेअरचे मजले आखणारा माणूस असा ढिगारा स्वतः पाहून आलेला होता.

कमानींबद्दल एक गोष्ट जाता जाता. एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत टाकलेली विटांची उथळ कमान दोन्ही तुळयांना बाजूंना रेटते. शेजारशेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलतात, पण शेवटच्या कमानीपाशी तोलायला कोणी नसते. तो रेटा बाहेरच्या भिंतीवर येतो. म्हणून तुळयांना जोडणाऱ्या घडीव लोखंडाच्या सळया घालतात आणि भिंती जाड ठेवतात. सॉल्टेअरच्या भिंती स्थानिक वालुकाश्माच्या आहेत. बाहेरून राजवाड्याची वाटणारी ती जाडी आतल्या रेट्याचे उत्तर आहे.

प्रश्न : टायटस सॉल्टने लिव्हरपूलच्या गोदामात पडून राहिलेली, कोणालाही नको असलेली लोकर घेऊन संपत्ती कमावली, अशी गोष्ट सांगतात. ती खरी आहे का?

उत्तर : गाभा खरा आहे, आणि गोष्टीला पुढे भरपूर रंग चढलेला आहे. सॉल्टचा जन्म १८०३ मध्ये लीड्सजवळच्या मॉर्ली येथे झाला. वडील लोकरीचे व्यापारी. त्यांच्याबरोबर काम करतानाच त्याने दक्षिण रशियातील डोन्स्कॉय ही राठ लोकर यंत्रावर चालवून दाखवली होती, जी इतर गिरणीवाले हातात धरायला तयार नव्हते. म्हणजे नकोसा माल घेण्याची त्याला सवय होती. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये पेरूहून आलेल्या अल्पाकाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील उंटाच्या कुळातल्या एका लोकरी जनावराच्या लोकरीच्या, तीनशेहून अधिक गाठी त्याच्या नजरेस पडल्या. त्याने आधी नमुना नेला, स्वतः धुऊन, विंचरून पाहिला, आणि मग सगळ्या गाठी घेतल्या. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून ही कथा खुमासदारपणे छापली आणि ती सर्वतोमुखी झाली.

अल्पाकाचा तंतू लांब, गुळगुळीत आणि चमकदार असतो. मेंढीच्या लोकरीत जी नैसर्गिक कुरळ असते ती त्यात फारच कमी, त्यामुळे तंतू एकमेकांना धरत नाहीत आणि सूत एकसारखे निघत नाही. अल्पाका इतरांनीही कातून पाहिला होता. सॉल्टचे श्रेय असे की त्याने यंत्रे आणि पद्धत जुळवून एकसारखे सूत काढले आणि कापसाच्या किंवा रेशमाच्या ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून हलके, रेशमासारखे चकाकणारे पण परवडणारे कापड बाजारात आणले. राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरमधील अल्पाकांच्या लोकरीचे कापडही त्यानेच विणून दिले होते.

या वैभवाला एक काळी किनार आहे, जी गोष्टीत सहसा येत नाही. अल्पाका आणि मोहेर (अंगोरा बकरीचे केस) यांच्या गाठी उघडणाऱ्या कामगारांत एक विचित्र आजार दिसू लागला : सकाळी कामावर आलेला धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत मरत असे. ब्रॅडफर्डमध्ये त्याला लोकर निवडणाऱ्यांचा रोग म्हणत. डॉक्टर जॉन हेन्री बेल यांनी १८८० च्या सुमारास तो अँथ्रॅक्सच्या जंतूंमुळे होतो हे दाखवून दिले. गाठींच्या धुळीतून ते जंतू फुफ्फुसांत जात. त्यानंतर संशयास्पद माल उघडण्यापूर्वी भिजवणे, निवडाईच्या मेजांखालून पंख्यांनी धूळ ओढून घेणे, असे नियम झाले. उत्तरेच्या उजेडातली ती निवडाईची मेजे वर्णन करताना हे विसरू नये, म्हणून येथे नोंदवले.

प्रश्न : गिरणीचे धुराडे एका चर्चच्या मनोऱ्याची नक्कल आहे, हे खरे का?

उत्तर : खरे आहे, पण मुख्य गिरणीचे नव्हे. मुख्य गिरणीचे धुराडे सुमारे २५० फूट उंचीचे होते. १८६८ मध्ये कालव्याच्या पलीकडे 'न्यू मिल' नावाची दुसरी गिरणी उभी राहिली. तिच्या धुराड्याचा माथा व्हेनिसमधील सान्ता मारिया ग्लोरिओसा देई फ्रारी या चर्चच्या घंटामनोऱ्यावर बेतलेला आहे. छायाचित्रांत ही दोन धुराडी पुष्कळदा एकमेकांच्या नावावर खपतात.

प्रश्न : मालक कामगारांसाठी घरे, शाळा, दवाखाना बांधण्याइतका उदार होता, तर हा उद्योग बुडाला कसा? आणि आज ती इमारत कोणाच्या उपयोगाची आहे?

उत्तर : औदार्य आणि धंदा यांचा संबंध आपण मानता तितका सरळ नाही. ब्रॅडफर्ड या पाच-सहा किलोमीटरवरच्या शहराची वस्ती १८०१ मध्ये सुमारे १३ हजार होती, ती १८५१ पर्यंत एक लाखाच्या पुढे गेली. गटारे नव्हती, धूर बेसुमार होता, आणि १८४९ च्या पटकीने तेथे चारशेहून अधिक माणसे नेली. त्या सुमारास सॉल्ट स्वतः शहराचा महापौर होता. धूर कमी करणारी भट्टी त्याने आपल्या गिरण्यांत बसवली, पण इतर मालकांना ती घ्यायला लावणे त्याला जमले नाही. शहरात त्याच्या पाच ठिकाणी विखुरलेल्या गिरण्या होत्या. त्या सर्व एका छताखाली आणाव्यात, त्याही जमीन स्वस्त, पाणी जवळ आणि कालवा व रेल्वे हाताशी असलेल्या जागी, हा हिशेब पक्क्या व्यापाऱ्याचा होता. एअर नदीकाठी ती जागा मिळाली, आणि नदीच्या नावापुढे आपले आडनाव जोडून त्याने गावाला सॉल्टेअर हे नाव दिले. गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सुरू झाली. त्या दिवशी विंचरणीच्या दालनात साडेतीन हजार माणसे एकाच वेळी जेवायला बसली, यावरून त्या दालनाचा अंदाज यावा.

गावाचे बांधकाम त्यापुढे जवळपास वीस वर्षे चालले. साडेआठशेच्या आसपास घरे झाली, प्रत्येकाला पाणी, गॅस आणि स्वतंत्र शौचकूप. चर्च, शाळा, दवाखाना, वृद्धांसाठी घरे, सभागृह, उद्यान हे सर्व झाले. दारूचा गुत्ता मात्र नाही. रस्त्यांना स्वतःच्या पत्नीची, मुलांची आणि वास्तुविशारदांचीही नावे दिली. ओळीच्या टोकांची तीन मजली घरे मुकादमांची, मधली लहान घरे कामगारांची; म्हणजे गिरणीतील उतरंड रस्त्यावरही तशीच. मुले अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असत. सॉल्टने ब्रॅडफर्डपेक्षा कितीतरी निरोगी आयुष्य दिले, यात शंका नाही. मात्र घर आणि नोकरी एकाच हातात असल्यावर मालकाशी भांडणाऱ्याला दोन्ही गमवावे लागतात, हेही तितकेच खरे. मला तो दयाळू आणि करडा, दोन्ही वाटतो, आणि त्यांतला एक निवडण्याची गरज वाटत नाही.

उद्योग बुडाला तो औदार्यामुळे नव्हे. सॉल्ट १८७६ मध्ये वारला. तोपर्यंत फॅशन बदलू लागली होती : फुगीर घेरांना शोभणारे कडक, चमकदार कापड मागे पडून मऊ, अंगालगत पडणारे फ्रेंच लोकरी कापड पुढे आले. म्हणजे ज्या चकाकीवर गिरणी उभी राहिली, तीच ओझे झाली. त्यात अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ले कायद्याने आयातीवर जबर जकात बसवली. १८९२ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली, आणि पुढच्या वर्षी ती ब्रॅडफर्डच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून घेतली. त्यांतल्या जेम्स रॉबर्ट्सने तिला पुन्हा चांगले दिवस दाखवले. त्यानंतर मालक बदलत राहिले, १९३३ मध्ये घरे वेगळी विकली गेली, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये कापडाचे उत्पादन कायमचे थांबले.

पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्या उद्योजकाने गिरणी विकत घेतली आणि तळमजल्यावर ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी या चित्रकाराच्या कामाचे दालन उघडले. त्याचे नाव गिरणीच्या सालावरून '१८५३ गॅलरी'. पुस्तकांचे दुकान, उपाहारगृह आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने त्याच छपराखाली आले; न्यू मिलमध्ये सदनिका आणि सरकारी आरोग्यसेवेची कार्यालये झाली. हे जमले त्याचे श्रेय सिल्व्हरइतकेच फेअरबेर्नलाही दिले पाहिजे. यंत्रांच्या वजनासाठी बांधलेला मजला पुस्तकांच्या कपाटांना दाद देत नाही, आणि मधे आडव्या भिंती नसल्याने शेकडो फूट लांब जागा हवी तशी विभागता येते. डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोने गिरणीसह संपूर्ण गावाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

कोणी तेथे जाणार असेल तर रेल्वेने जावे. सॉल्टेअरचे स्थानक १९६५ मध्ये बंद झाले होते आणि १९८४ मध्ये, गिरणी बंद पडण्याच्या दोनच वर्षे आधी, पुन्हा उघडले. फलाटावर उतरताच ती ५४५ फुटांची भिंत समोर येते. आत गेल्यावर मात्र चित्रांवरून नजर काढून थोडे वर पाहावे. बिडाचे खांब जेथे तुळयांना भेटतात, तेथून दोन्हीकडे विटांच्या उथळ कमानी सुटलेल्या दिसतील. त्यांच्यावरचा रंग नवा असला तरी त्या १८५३ च्याच आहेत.